एफपीएल ड्राफ्ट: हालांड एक, मागणारे आठ

फॅन्टसी प्रीमियर लीग (एफपीएल), म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खऱ्या फुटबॉलपटूंचा संघ बांधून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा ऑनलाइन खेळ, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर 100 मिलियन पाउंडांच्या बजेटचा खेळ येतो. तिथे मँचेस्टर सिटीचा स्ट्रायकर हालांड तुमच्याकडे असतो, समोरच्याकडे असतो आणि गेल्या वर्षी शेवटून दुसरा आलेल्याकडेही असतो. मग भांडण उरतं ते दोन-तीन खेळाडूंचं आणि कॅप्टन, म्हणजे ज्याचे गुण दुप्पट होतात तो, कोण याचं. त्याच घरातलं धाकटं भावंड म्हणजे एफपीएल ड्राफ्ट. 2017-18 च्या हंगामापासून आहे, पूर्ण फुकट आहे, आणि तरी आपल्याकडच्या ऑफिसच्या आणि कॉलेजच्या ग्रुपांत फारसं खेळलं जात नाही. का, ते कळत नाही. कारण फुटबॉल किती कळतो याची परीक्षा इथे जास्त होते.

मूळ नियम एवढाच की एका लीगमध्ये एक खेळाडू एकाच संघात. बजेट नाही, कॅप्टन नाही, वाइल्डकार्ड किंवा ट्रिपल कॅप्टनसारख्या चिप्स (मोजक्या वेळाच वापरता येणाऱ्या खास सवलती) नाहीत. प्रत्येकाने 15 खेळाडू उचलायचे: 2 गोलकीपर, 5 डिफेंडर, 5 मिडफिल्डर, 3 फॉरवर्ड. आयपीएल आणि प्रो कबड्डीमुळे आपल्याला लिलावाची सवय आहे, ड्राफ्टची नाही. आयएसएलने (इंडियन सुपर लीग) 2017 मध्ये मुंबईत भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट घेतला होता (जमशेदपूरने सगळ्यात आधी अनस एडाथोडिकाला उचललं), पण ते तेवढ्यापुरतंच. खरं तर गल्लीत टीम पाडताना दोन कॅप्टन आळीपाळीने पोरं मागून घेतात, तो ड्राफ्टच. फक्त इथे क्रम नागमोडी असतो: आठ जण असतील तर पहिल्या फेरीत 1 ते 8, दुसऱ्या फेरीत उलटा 8 ते 1. म्हणजे शेवटच्या नंबरवाल्याला लागोपाठ दोन खेळाडू मिळतात.

हा क्रम कागदावर मांडून बघितल्याशिवाय ड्राफ्टला बसू नये. आठ जणांच्या लीगमध्ये पहिला नंबर लागला तर तुमची पाळी 1, 16, 17, 32, 33 अशी येते. आठवा लागला तर 8, 9, 24, 25, 40, 41. चौथा लागला तर 4, 13, 20, 29, 36. टोकाच्या जागांवर दोन पाळ्यांच्या मध्ये 14 खेळाडू उडतात. त्यामुळे टोकाला बसलेल्याने ‘पुढच्या पाळीला घेऊ’ म्हणायचंच नाही. पुढच्या पाळीला ते दुकान बंद झालेलं असतं. मधल्या नंबरवाल्याला सगळ्यात भारी खेळाडू मिळत नाही, पण कुठल्या जागेवर झुंबड उडाली आहे ते बघून वेळेत हात घालता येतो.

आता मुख्य मुद्दा. ड्राफ्टमध्ये चांगला खेळाडू कोण हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, कुठला माल आधी संपणार. आठ जणांच्या लीगमध्ये एकूण 120 खेळाडू जातात: 16 गोलकीपर, 40 डिफेंडर, 40 मिडफिल्डर, 24 फॉरवर्ड. आता प्रीमियर लीगकडे बघा. क्लब 20. बहुतेक क्लब एकच स्ट्रायकर घेऊन उतरतात. म्हणजे दर आठवड्याला नक्की खेळणारे फॉरवर्ड विशीच्या आसपास, आणि लीगला हवेत 24. पुरवठा मागणीपेक्षा कमी. डिफेंडरचं उलट: 20 क्लब, प्रत्येकी चार तरी, म्हणजे 80 च्या वर, आणि लागतात 40. गोलकीपर 20 खेळतात, लागतात 16.

म्हणून आमचा ठाम सल्ला: पहिल्या पाच फेऱ्यांत किमान दोन फॉरवर्ड, आणि तेही पक्के सुरुवातीपासून खेळणारे. तिसरा फॉरवर्ड सातव्या-आठव्या फेरीपर्यंत. नवव्या फेरीत फॉरवर्ड शोधायला गेलात की हाती येतो तो 75 व्या मिनिटाला उतरणारा बदली, जो आठवड्याला एक गुण आणून देतो आणि संघातली जागा अडवतो. गोलकीपर शेवटच्या तीन फेऱ्यांसाठी ठेवा. कोणीतरी चौथ्या फेरीत आर्सेनलचा गोलकीपर उचलेल, ग्रुपवर टाळ्या पडतील; पडू द्या. गोलकीपरचे गुण क्लीन शीट (सामन्यात एकही गोल न खाणं) आणि बचावांतून येतात. क्लीन शीट कमी मिळणाऱ्या क्लबच्या गोलकीपरला बचाव जास्त करावे लागतात आणि दर तीन बचावांना एक गुण मिळतो, त्यामुळे वरच्या आणि मधल्या गोलकीपरमधलं अंतर वाटतं तेवढं राहत नाही.

हे गणित लीगच्या आकाराबरोबर बदलतं. चार जणांत खेळत असाल तर 60 च खेळाडू जातात, टंचाई कशाचीच नाही. तिथे सरळ सगळ्यात जास्त गुण देणारा खेळाडू उचला. दहा जणांत 20 गोलकीपर लागतात आणि क्लबही 20, म्हणजे गोलकीपर फार उशिरा घेतला तर एखाद्या क्लबचा दुसरा गोलकीपर गळ्यात पडू शकतो. जास्तीत जास्त 16 जणांची लीग करता येते. तिथे 48 फॉरवर्ड आणि 32 गोलकीपर हवेत, आणि तेवढे नियमित खेळणारे अस्तित्वातच नाहीत. अशा लीगमध्ये अर्धे संघ बेंचवर मुडदे बाळगून खेळतात.

गुणांची पद्धत मुख्य खेळासारखीच आहे आणि तिच्यात एक गंमत आहे. फॉरवर्डच्या गोलला 4, मिडफिल्डरच्या गोलला 5, डिफेंडरच्या गोलला 6. असिस्टला सगळ्यांना 3. मिडफिल्डरला क्लीन शीटचा वर 1. लिव्हरपूलच्या सालाहने 2024-25 मध्ये 29 गोल केले. मिडफिल्डर म्हणून नोंद असल्याने त्याला गोलचे 145 मिळाले. फॉरवर्ड असता तर 116 वर थांबला असता. उलटं उदाहरण आर्सेनलच्या काई हावर्ट्झचं. 2023-24 मध्ये तो मिडफिल्डर होता, पुढच्या हंगामात खेळाने त्याला फॉरवर्डच्या रकान्यात टाकलं. मैदानावरचं काम तेच, प्रत्येक गोलमागे एक गुण कमी. पण ड्राफ्टमध्ये याची दुसरी बाजूही आहे: फॉरवर्डची टंचाई असल्याने तो 4 गुणांवाला खेळाडू 5 गुणांवाल्या मिडफिल्डरपेक्षा महाग ठरू शकतो. दर हंगामाआधी काही खेळाडूंचे रकाने बदलतात, ती यादी आधी बघून घ्या. वीस मिनिटांचं काम आहे.

डिफेंडरबाबत 2025-26 पासून हिशोब थोडा फिरला. क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल, थोडक्यात बचावाची कामं, मिळून एका सामन्यात 10 भरले की डिफेंडरला 2 गुण. मिडफिल्डर आणि फॉरवर्डसाठी हा आकडा 12, त्यात चेंडू परत मिळवणंही मोजतात. त्यामुळे जो धिप्पाड सेंटर बॅक आयुष्यात कधी असिस्ट देत नाही, पण दिवसभर आपल्या गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समधून चेंडू बाहेर भिरकावत असतो, त्याला भाव आला. एव्हर्टनचा टारकोव्स्की हा त्याचा नमुना. असे खेळाडू बाराव्या फेरीतही मिळतात. चौथा-पाचवा डिफेंडर म्हणून ते घ्या आणि लवकरच्या फेऱ्या पुढच्या फळीवर खर्च करा.

ड्राफ्ट रूमबद्दल. लीग बनवणारा दिवस, वेळ आणि प्रत्येक निवडीला किती सेकंद ते ठरवतो. घड्याळ उलटं धावतं, पाळी तुमची असते, मनातला खेळाडू आधीच्याच पाळीला गेलेला असतो. इथे वाचवते ती वॉचलिस्ट, म्हणजे आधीच लावून ठेवलेली पसंतीच्या खेळाडूंची यादी. 15 नावं टाकून भागत नाही. आठ जणांच्या लीगसाठी निदान 60 नावं क्रमाने लावून ठेवा. नेट गेलं किंवा वेळ संपली तर खेळ आपोआप निवड करतो: आधी तुमच्या यादीतून, यादी रिकामी असेल तर स्वतःच्या क्रमवारीतून. ही क्रमवारी सगळ्या लीगला एकच लागते, तुमच्या लीगमधली टंचाई तिला कळत नाही. पाळी आली की वरचं नाव दाबून मोकळं होणारे इथेच फसतात. त्यांचा संघ वाईट नसतो, पण तिसरा फॉरवर्ड भंगार असतो आणि ते नोव्हेंबरमध्ये कळतं.

ड्राफ्ट कधी घ्यायचा यावर मात्र वाद होऊ शकतो. पहिल्या आठवड्याच्या आधी घेतला तर पूर्ण 38 आठवडे खेळायला मिळतात, पण तेव्हा इंग्लंडमधली ट्रान्सफर विंडो (खेळाडूंना क्लब बदलता येतो तो काळ) उघडीच असते. 2025 च्या ऑगस्टमध्ये स्ट्रायकर इसाक न्यूकॅसलमधून बाहेर पडायचं म्हणून बसून राहिला आणि 1 सप्टेंबरला लिव्हरपूलला गेला. आदल्या हंगामात 23 गोल केलेला खेळाडू. ज्याने तो पहिल्या-दुसऱ्या फेरीत घेतला त्याने सुरुवातीचे आठवडे रिकामे काढले. 2023 मध्ये 1 सप्टेंबरलाच कोल पामर मँचेस्टर सिटीतून चेल्सीत गेला. ऑगस्टमधल्या ड्राफ्टमध्ये सिटीच्या बेंचवरच्या पोराला कोण विचारणार? हंगामअखेर त्याचे 22 गोल होते. आमचं मत: ड्राफ्ट विंडो बंद झाल्यावर, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात घ्यावा. सुरुवातीचे थोडे आठवडे गेले तरी चालतील.

पामरसारखे खेळाडू ज्या दारातून येतात ते दार म्हणजे वेव्हर, आणि लीग जिंकली जाते ती इथे. ड्राफ्टनंतर उरलेले खेळाडू कोणालाही मागता येतात, पण आठवड्याच्या डेडलाइनच्या (संघ पक्का करायची शेवटची वेळ) 24 तास आधी सगळ्यांच्या मागण्या एकत्र उघडतात. पहिल्या वेळी ड्राफ्टच्या उलटा क्रम, नंतर गुणतालिकेच्या उलटा: शेवटचा सगळ्यात आधी. ते झालं की उरलेले फ्री एजंट, जो आधी हात लावेल त्याचा. जागेला जागाच: डिफेंडर सोडला तर डिफेंडरच येणार.

नवखे इथे एकच मागणी टाकून झोपतात. ती वरच्या कोणाच्या तरी नावावर गेली की हात रिकामे. त्याऐवजी सोडायचा खेळाडू तोच ठेवून तीन-चार मागण्या एकाखाली एक लावा. पहिली हुकली तर दुसरी लागते.

भारतात बसून खेळताना वेळ नीट समजून घ्या. आठवड्याच्या पहिल्या सामन्याच्या 90 मिनिटं आधी डेडलाइन. शनिवारी इंग्लंडच्या दुपारी साडेबाराचा सामना पहिला असेल तर आपल्याकडे डेडलाइन दुपारी 3:30, म्हणजे वेव्हर शुक्रवारी दुपारी 3:30 ला, ऐन ऑफिसात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की हेच 4:30 होतं. शुक्रवारी रात्री आठचा सामना असेल तर डेडलाइन आपल्या रात्री 11 ला, हिवाळ्यात 12 ला, आणि वेव्हर गुरुवारी रात्री त्याच वेळी. फ्री एजंटची शर्यत त्यानंतर लगेच सुरू होते, त्यामुळे लवकर झोपणाऱ्याचं नुकसान ठरलेलं.

आता जे खटकतं ते. अमेरिकन फुटबॉलच्या फॅन्टसीत, जिथून ही सगळी पद्धत आली, जखमी खेळाडूसाठी वेगळी जागा देण्याची सोय असते. इथे नाही. सप्टेंबर 2024 मध्ये मँचेस्टर सिटीचा बचावात्मक मिडफिल्डर रॉड्रीचा गुडघा गेला. असा खेळाडू तुमच्याकडे असेल तर एकतर 15 पैकी एक जागा महिनोन्महिने मेलेली, नाहीतर सोडून द्यायचा आणि दुसऱ्याने उचललेला बघायचा. रॉड्रीवर फारसं कोणी रडणार नाही, पण तुमचा पहिल्या फेरीतला स्ट्रायकर असेल तर? बेंच चारच जणांचं, त्यात एक गोलकीपर. दुसरी कमतरता: वेव्हरसाठी बोलीची सोय नाही. ठरावीक रक्कम देऊन हंगामभर बोली लावू देणं ही तिकडे रुळलेली पद्धत आहे आणि ती जास्त न्याय्य आहे. इथे तळाला असणं हेच भांडवल. तिसरी: या वर्षीचे दोन खेळाडू पुढच्या वर्षी राखायची सोय नाही, दर ऑगस्टला पाटी कोरी. गुणांची पद्धतही बदलता येत नाही.

जानेवारीकडे लक्ष ठेवा. 2025 च्या जानेवारीत ॲस्टन व्हिलाचा जॉन डुरान सौदीला अल नासरकडे निघून गेला, तो ज्याच्याकडे होता त्याचा फॉरवर्ड एका रात्रीत हवेत. त्याच महिन्यात ओमर मार्मूश सिटीत आला. शिवाय आफ्रिका चषक हंगामाच्या मध्येच आला तर सालाहसारखे आफ्रिकी खेळाडू काही आठवडे नसतात. असा खेळाडू पहिल्या फेरीत घेतलात तर शेवटच्या फेऱ्यांत आफ्रिकेबाहेरचा एक सुरुवातीपासून खेळणारा मिडफिल्डर बेंचसाठी राखून ठेवा.

लीग बनवताना एकूण गुणांची की समोरासमोरची हा पर्याय मिळतो. समोरासमोर खेळताना ग्रुपवर चिडवाचिडवीला मजा येते, पण त्यात नशीब फार: आठवड्यात दुसरे सर्वाधिक गुण मिळवूनही सर्वाधिकवाल्याशी गाठ पडली की हार. पैसे किंवा पार्टी लावली असेल तर एकूण गुणांचीच ठेवा. आणि ऑफिसात 16 जण तयार झाले असतील तर त्यांची एक लीग करू नका, आठ-आठच्या दोन करा. फॉरवर्ड जेमतेम आठ जणांनाच पुरतात.