लाकडी फ्लोअरिंगच्या फिटिंगमध्ये झालेली फसवणूक

कोथरूडमधील आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आईच्या खोलीला लाकडी फ्लोअरिंग करून घ्यायचे आम्ही गेल्या वर्षी मे महिन्यात ठरवले, कारण जुन्या मोझॅक फरशीचा गारवा तिच्या गुडघ्यांना सोसत नव्हता. माल ठरला तोच मिळाला, १४ मिलिमीटर जाडीचे इंजिनिअर्ड ओक, म्हणजे प्लायसारख्या थरांवर ओक लाकडाचा थर बसवलेल्या फळ्या. फसवणूक झाली ती फळ्या बसवण्याच्या पद्धतीत. आणि ही पद्धत फळ्यांखालीच झाकली जात असल्यामुळे ती उघडकीस यायला पावसाळा लागला.

कंत्राटदाराने पद्धती समजावून सांगितल्या, आणि त्याचे ते सांगणे बरोबरच होते. खिळ्यांनी ठोकायचे तर खाली प्लायवूड लागते, उंची वाढते आणि दरवाजे खालून तासावे लागतात. फ्लोटिंग पद्धतीत फरशीवर फोम अंथरून फळ्या एकमेकींत अडकवतात. त्या जमिनीला कोठेही चिकटलेल्या नसतात, म्हणून दमट हवेत फुगायला जागा राहावी यासाठी भिंतीलगत साधारण १० मिलिमीटर फट सोडतात आणि ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या पट्टीखाली, झाकतात. ग्लू-डाऊनमध्ये दातेरी थापीने संपूर्ण जमिनीवर अ‍ॅडहेसिव्ह पसरून त्यावर फळी बसवतात, त्यामुळे चालताना पोकळ आवाज येत नाही आणि फळी दबत नाही. आई काठी घेऊन चालते, म्हणून आम्ही ही शेवटची पद्धत निवडली. तळमजल्याला जमिनीतून ओल येते, म्हणून ओलरोधक प्रायमरही ठरला. या दोन्हींसाठी चौरस फुटाला ११० रुपये जास्त मोजले.

काम सकाळी दहाला सुरू झाले आणि मी दुपारी तीन वाजता बँकेतून घरी आले तेव्हा १८० चौरस फुटांची खोली पूर्ण झालेली होती. भिंतीच्या कडेने बोटांनी ठोकून पाहिले, आवाज भरीव आला आणि माझे समाधान झाले. कचऱ्याच्या पिशवीत अ‍ॅडहेसिव्हच्या चार रिकाम्या नळ्या होत्या. त्या मी स्वतः उचलून बाहेर ठेवल्या. पूर्ण चिकटवण्याला चौरस मीटरला साधारण एक किलो अ‍ॅडहेसिव्ह लागते, म्हणजे आमच्या खोलीला सोळा-सतरा किलो, हे तेव्हा मला ठाऊक असते तर तिथेच काम थांबवले असते. शिवाय चिकटवलेल्या जमिनीवर किमान एक दिवस वजन ठेवायचे नसते, आणि हा गृहस्थ मला म्हणाला, “मॅडम, आज संध्याकाळीच पलंग लावून घ्या.”

जुलैच्या मध्यावर, सलग आठवडाभर पाऊस लागल्यावर, खोलीच्या मधोमध तीन फळ्या तंबूसारख्या वर आल्या. आईच्या काठीचे रबरी बूच त्या उंचवट्याला अडले. ती पडली नाही, पलंगाचा कठडा हाताला लागला म्हणून; पण त्या सकाळी मी किती घाबरले ते मला नीट सांगता येणार नाही.

ओळखीच्या सुतारमिस्त्रींना बोलावले. त्यांनी गॅलरीच्या दाराजवळची स्कर्टिंग काढली आणि म्हणाले, “ताई, फटच सोडलेली नाही. फळी भिंतीला भिडलीय.” मग त्यांनी कडेच्या फळ्या उचकटल्या. भिंतीलगत चार बोटे रुंदीचा अ‍ॅडहेसिव्हचा पट्टा होता आणि त्यापलीकडे पांढरा फोम. फोमखाली आमची मोझॅक फरशी होती तशीच, तिच्यावरचे जुने पॉलिशही शाबूत. प्रायमरचा थेंबही नव्हता. कडेला ठोकून पाहणाऱ्याला भरीव आवाज ऐकू यावा एवढ्यासाठीच तो पट्टा मारलेला होता, आणि त्यानेच घात केला: फ्लोटिंग जमीन कडेने जखडली गेली, फुगायला जागा उरली नाही, तेव्हा ती मध्यभागी उचलली गेली.

कंत्राटदाराने फोनवर “पावसाळ्यात लाकूड फुगणारच” असे सांगितले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. माझी मोठी चूक बिलात आहे. त्यावर ‘वुडन फ्लोअरिंग, फिटिंगसह’ एवढीच एक ओळ आहे, आणि निम्मी रक्कम मी रोख, पावतीशिवाय दिली. म्हणून कळकळीने सांगते: कोटेशनमध्ये पद्धतीचे नाव, अ‍ॅडहेसिव्ह व प्रायमरचे नाव आणि किलोतले प्रमाण लिहून घ्या, बादल्या उघडण्यापूर्वी मोजा, आणि पहिल्या दोन-तीन रांगा बसताना स्वतः समोर उभे राहून फोटो काढा. तळमजला असेल तर आधी जमिनीवर दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवा; खाली पाणी साचले किंवा जागा काळवंडली तर ओलीचा बंदोबस्त झाल्याशिवाय फळी लावू देऊ नका. काही रक्कम पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवण्याची अट आधीच घाला; प्रामाणिक माणूस त्यावर निदान बोलणी तरी करतो.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे आणि वकिलामार्फत नोटीसही पाठवली आहे. ग्राहक आयोगाकडे जाण्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे वेळ हातात आहे. उचकटलेल्या फळ्या, फोमचा तुकडा आणि अ‍ॅडहेसिव्हच्या पट्ट्याचे फोटो मी तारीख घालून जपून ठेवले आहेत. आईचा पलंग सध्या हॉलमध्ये आहे.