रत्नागिरीच्या दमट हवेत टब्युलर टायर: अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात कोल्हापूरच्या एका सायकलपटूकडून अ‍ॅल्युमिनियमची जुनी टब्युलर चाकं, म्हणजे ज्यांच्या रिमला टायर गोंदाने चिकटवतात ती, घेतली आणि त्यावर २५ मिमीचे सुती केसिंगचे (रबराखालच्या कापडी अंगाचे) नवे टायर चिकटवले. तेव्हापासून एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा त्यांच्यावर काढलाय.

आधी सुखाचं सांगतो. डाव्या हाताला समुद्र ठेवून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाताना जो खरखरीत डांबरी रस्ता लागतो, तिथे माझ्या जुन्या टायरांनी मनगटं बधिर व्हायची. याच रस्त्यावर हे टायर साडेसहा बार हवेच्या दाबावर अक्षरशः मऊ चालतात. वळणावर सायकल झुकवली की पकड कुठे संपते ते हाताला आधीच कळतं. आत लेटेक्सची ट्यूब असल्यामुळे रात्रीत हवा उतरते, म्हणून रोज निघण्याआधी पंप मारायचा. त्याचा मला त्रास वाटत नाही.

आता काळजीचं. साध्या टायरची कड रिमच्या ओठात अडकते. टब्युलरला तसली कड नसते. ट्यूबभोवती केसिंग शिवलेलं असतं, शिवणीवर कापडी पट्टी म्हणजे बेस टेप असते आणि ती टेप रिमच्या उथळ खोबणीत गोंदाने चिकटवायची. हवा भरली की केसिंगचे तिरपे धागे रुंदीला ताणतात, त्यामुळे टायर लांबीला आखडतो आणि रिमला आवळून बसतो. म्हणजे भरलेला टायर घट्ट वाटला तरी गोंद चांगला आहे असं ठरत नाही. पंक्चर झालं की ती आवळ संपते, उरतो फक्त गोंद. म्हणून तपासणी नेहमी हवा पूर्ण सोडून करायची. दोन्ही अंगठ्यांनी टायरची कड वर ढकलत चाकभर फिरायचं, दोन्ही बाजूंनी. रिम आणि टेपमध्ये कुठेही फट दिसली की ते चाक रस्त्यावर न्यायचं नाही.

ही सवय नसती तर जुलैत मी पडलो असतो. मागचा टायर बदलायचा होता, बाहेर संततधार. एरवी मी जसं करतो तसंच केलं: नवा टायर एक दिवस कोरड्या रिमवर ताणून ठेवला, टेपला गोंदाचा पातळ हात दिला, रिमला दिला, रात्रभर वाळू दिला. दुसऱ्या दिवशी रिमवर आणखी एक हात मारला. तो चिकट असतानाच वाल्व्हपासून सुरुवात करून, दोन्ही हातांनी खाली ओढत टायर चढवला, सरळ केला, हवा भरून एक दिवस तसाच ठेवला. सगळं नेमानं. पण रिमवर गोंद वाळताना त्यावर पांढुरकी साय आली होती आणि मी ती सोडून दिली. गोंदातला द्रव उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेतलं बाष्प त्यावर बसतं. मग गोंद गोंदाला नीट धरत नाही. पहिल्याच फेरीआधी अंगठ्याने तपासलं तर वाल्व्हजवळ वीतभर टायर सरळ उचलला गेला. आता पावसात चिकटवायची वेळ आलीच तर उघडीप बघतो, साय दिसली की तो थर काढून टाकतो. शक्यतो मे महिन्यातच दोन्ही चाकं उरकून घ्यायची. खोली मात्र उघडी हवी, गोंदाचा वास डोक्यात जातो आणि तो पेटतोही, त्यामुळे जवळ शेगडी किंवा देवापुढचा दिवा नको.

रिम ब्रेक, म्हणजे रिमलाच घासून थांबवणारे ब्रेक, असतील तर उतारही विचारात घ्या. आंबा घाटात ब्रेक सतत दाबून धरला की रिम तापते आणि गोंद मऊ पडतो. २००३ च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत स्पेनचा होसेबा बेलोकी फ्रान्समधल्या गाप शहराकडच्या उतारावर पडला तेव्हा उन्हाने डांबर वितळलं होतं, मागचं चाक घसरलं आणि टायर रिमवरून निघाला. मांडीचं हाड, कोपर, मनगट, सगळं मोडलं. मी घाटात पुढचा-मागचा ब्रेक आलटून पालटून, थोडा थोडा वापरतो आणि खाली आलो की रिमजवळ हात नेऊन पाहतो.

पंक्चर एकदाच झालं, जयगडच्या जेटीजवळ, कालवाच्या शिंपल्याने. सीटखाली गोंद लावून घडी घातलेला जुना टायर असतो, तो चढवला आणि वळणं अगदी हळू घेत घरी आलो. रस्त्यात चढवलेला टायर पूर्ण धरत नाही, घरी आल्यावर तो पुन्हा रीतसर चिकटवायलाच हवा. फाटलेला टायर मोचीकाकांकडे नेला. मी बेस टेप सोलून, चार बोटं शिवण उसवून ट्यूबला ठिगळ लावलं होतं. काका म्हणाले, "सुताला मेण लावून शिवतो, नायतर पावसात कुजंल." जुन्याच भोकांतून शिवलं त्यांनी, आतल्या ट्यूबला सुई लागू न देता.

कुजण्याचं त्यांचं म्हणणं टेपलाही लागू आहे. खारं पाणी आणि दमटपणा यांनी सुती टेप केसिंगपासून सुटायला लागते. रिमवरचा गोंद शाबूत असतो, टायर मात्र टेपपासून वेगळा होतो, आणि हे वरून दिसत नाही. किनाऱ्यावरून आलं की गोड्या पाण्याने चाकं धुवायची, पुसायची आणि सावलीत टांगायची.

रोज ऑफिसला जायला सायकल हवी असेल तर हे टायर घेऊ नका. सकाळी तासभर चाकांना द्यायची तयारी असेल तर जरूर घ्या. माझ्या पुढच्या चाकाची टेप वाल्व्हच्या उजवीकडे बोटभर उचलली जातेय, म्हणून या रविवारी गणपतीपुळं रद्द, तो टायर काढतोय.