एकच मदतनीस की आलटून-पालटून दोघे?

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) किशोरवयीन मुलासोबत कायम एकच मदतनीस असला, की त्याला मुलाच्या खाणाखुणा लवकर कळतात. कान झाकले म्हणजे आवाज सहन होत नाहीये, तेच वाक्य पुन्हापुन्हा आलं म्हणजे बहुधा ताण वाढतोय. बोलून सांगू न शकणाऱ्या मुलासाठी हे फार मोलाचं. पण मूल मदतनीसाच्या इशाऱ्याशिवाय हलेनासं होऊ शकतं; आणि तो आजारी पडला की सगळंच कोलमडतं.

दोघे असले, तर एकाकडे शिकलेलं दुसऱ्यासोबतही करायचा सराव होतो. स्वमग्नतेत हे आपोआप जमतंच असं नाही. मात्र दोघांची पद्धत, चित्रांचं वेळापत्रक (दिवसाचा क्रम चित्रांतून दाखवणारं), अगदी सूचनांचे शब्दही सारखे हवेत. (तोंडी निरोपांवर भागत नाही, वही ठेवाच.)

माझा कौल: सुरुवात एकाने करावी, घडी बसली की दुसऱ्याला आणावं, तेही आधी पहिल्याच्या उपस्थितीत.