डबीवर लिहिलं होतं, मी वाचलं नाही

जुना फिल्म कॅमेरा आणि त्यासोबत वीस रोल 'जवळजवळ फुकट' असा सौदा समोर आला, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मी आपटले आहे.

विकणारा गोडबोल्या होता. "ताई, डिजिटल बॉडी पाच वर्षांत जुनी होते. शटर लाख-दीड लाख क्लिकचं. हा कॅमेरा बघा, चाळीस वर्षं चालतोय." त्याने बॉडीसमोर बॉडी ठेवून हिशेब मांडला आणि मी मान डोलावली. रोल, धुलाई, स्कॅनिंग हे त्या हिशेबात कुठेच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, वीस रोल देतोय ना, फ्रीजमध्ये ठेवलेले! वीस गुणिले ३६, म्हणजे ७२० फोटो. डिजिटलवर एवढे मी दोन रविवारांत काढते, पण तेव्हा तो आकडा केवढा मोठा वाटला.

दोन रोल अगदी जपून, एकेका फ्रेमला श्वास रोखून काढले. लॅबवाल्याने डबी हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: प्रोसेस के-१४, म्हणजे ही फिल्म धुण्याची खास पद्धत. कोडॅक्रोम!

साध्या रंगीत निगेटिव्हमध्ये रंग तयार करणारी द्रव्यं फिल्ममध्येच असतात. कोडॅक्रोममध्ये ती नसतात, रंग धुताना द्यावे लागतात. कोडॅकने ही फिल्म २००९ मध्ये बंद केली आणि ती धुणाऱ्या शेवटच्या लॅबने २०१० संपता संपता रोल घेणं थांबवलं. आता त्यातून फार तर कृष्णधवल चित्र निघतं. माझ्या हट्टापायी लॅबवाल्याने एक रोल तसा धुऊन दिला. राखेत बुडवून काढल्यासारखे फोटो आले, आणि धुलाईचे पैसे अर्थातच लागले.

मग नवे रोल विकत घेतले. तेही अंधारे, वर कडेला नारिंगी पट्टे. अंधाराचं कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालणारा, ते सेल आता बनत नाहीत आणि विकणाऱ्याने आत साधा १.५ व्होल्टचा घालून 'मीटर चालू' म्हणून दाखवला होता. सुई हलत होती, हे खरं, पण जादा व्होल्टमुळे उजेड असतो त्याहून जास्त दाखवत होती. पट्ट्यांसाठी पाठचं झाकण उघडलं, कडेच्या फोमवर बोट टेकवलं, तर बोटाला डांबर लागलं. फोम वितळून गेला होता, उजेड खुशाल आत येत होता.

तेव्हा झाकण उघडून फोम दाबून बघा. लेन्समधून टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. सेल कोणता लागतो ते विचारा. डबीवर सी-४१ (रंगीत निगेटिव्हची धुलाई), ई-६ (रंगीत स्लाइडची) किंवा सरळ कृष्णधवल लिहिलेलं नसेल तर हात लावू नका. आणि खर्चाची तुलना दर फोटोमागे करा, बॉडीमागे नाही. डिजिटललाही कार्ड, हार्ड डिस्क, बॅटरी लागतेच, पण चुकलेली फ्रेम तिथे पुसता येते. फिल्मवर चुकीचेही पैसे मोजावे लागतात.

मी विकणाऱ्याला जाब विचारला. उत्तर आलं, "ताई, रोल खराब आहेत असं लॅबवाला म्हणाला का?"

नव्हता म्हणाला.