जुन्या ऑटोमॅटिकचे अकरा महिने: गिअर स्लिप, दीड लाखाचं एस्टिमेट आणि एक डिपस्टिक

खंबाटकीचा चढ. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी साठला, आणि आरपीएमचा काटा अडीच हजारांवरून एकदम चार हजारांवर. इंजिन ओरडतंय, वेग मात्र उतरतोय. बायको म्हणाली, "क्लच घसरतोय का?" ऑटोमॅटिकला क्लचचं पेडल नसलं तरी आत क्लच प्लेट्स असतात, त्यामुळे तिचं निदान बरोबरच होतं.

गाडी २०१० ची, चार गिअरची सेडान, सेकंडहँड २,१०,००० ला घेतलेली. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, पी०७३० कोड आला आणि लगेच एस्टिमेट हातात: गिअरबॉक्स ओव्हरहॉल, १,४५,०००. हा कोड एवढंच सांगतो की गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. का जुळत नाही, ते शोधावं लागतं. "गिअरबॉक्सचं तेल बघितलंत का?" विचारलं तर म्हणे, "सर, ते लाइफटाइम असतं, बदलावं लागत नाही." याचा मला आजही राग येतो. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बाहेर काढायला दोन मिनिटं लागतात हो!

चूक माझीही होती. मी दर महिन्याला हे तेल बघायचो, पण इंजिन बंद करून. माझ्या गाडीत ते गरम इंजिन चालू ठेवून, सपाट जागी, पार्कमध्ये बघायचं असतं. बंद केलं की टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) तेल खाली उतरतं आणि पातळी भरलेली दिसते. मॅन्युअल वाचून नीट बघितलं तर पट्टीच्या फक्त टोकाला तेल. पांढऱ्या फडक्यावर टेकवलं, तर लाल नाही, चहासारखं, आणि करपट वास. चढावर उरलंसुरलं तेल मागे सरकायचं, पंप हवा ओढायचा, प्रेशर पडायचं आणि प्लेट्स घसरायच्या.

ओळखीच्या मेकॅनिकला रेडिएटरजवळ गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरचा पाइप ओला सापडला. पॅनच्या (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या ट्रेच्या) मॅग्नेटवर नुसता करडा गाळ होता, धातूचे तुकडे नव्हते. पाइप बदलला. एका ड्रेनमध्ये निम्मंही तेल निघत नाही, म्हणून ५०० किमीच्या अंतराने दोनदा बदललं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं. सगळे मिळून ९,४०० रुपये.

इथपर्यंत गाडीला पाच स्टार देणार होतो. पण थंडीत सकाळी पहिल्या किलोमीटरला दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना काटा अजून दोन-तीनशेने उडतो. कमी तेलावर चालवल्याने प्लेट्स थोड्या झिजल्याच असणार. म्हणून चार. घाटात आता स्लिप नाही. रिव्हर्स टाकल्यावर गाडी उशिरा उचलायला लागली, तर मात्र गिअरबॉक्स खोलणार, तेही त्याच मेकॅनिककडे.