टाकी उतरवून पेट्रोलचा फ्लोट बदलला, पूर्ण पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी १५० सीसीची, बीएस-४, कार्बोरेटरवाली, मीटरला साधा काटा. उन्हाळ्यात टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगून मीटरच्या काट्याला पातळी कळवणारा पार्ट) बदलला, पार्ट ओरिजिनल घेतला आणि काम घरीच केलं, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. तेव्हाच लिहिणार होतो, पण नवीन पार्ट पहिल्या आठवड्यात कुठलाही चांगलाच चालतो, म्हणून म्हटलं पावसाळा जाऊ दे, त्र्यंबकचा पाऊस आणि नाशिकच्या अंबड-सातपूरचे खड्डे खाऊन झाल्यावर काय राहतं ते बघू आणि मग लिहू. तर आता लिहितोय.

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. फ्लोट मस्त आहे, काटा आता खरं बोलतो, पैसे वसूल. पण फ्लोटखालचा रबर सील नीट बघून घ्या आणि काट्याच्या शेवटच्या पाव भागावर जास्त विसंबू नका.

त्रास काय होता तर टाकी फुल केली की काटा बरोबर फुलवर, हळूहळू खाली यायचा, आणि अर्ध्याच्या आसपास आला की एकदम पडायचा रिकाम्यावर. मग एखादा गतिरोधक आला की परत टणकन वर. द्वारकाच्या सिग्नलला उभं असताना रिकामी आणि मुंबई नाक्याला पोहोचेपर्यंत अर्धी टाकी, असला प्रकार. रोज कामाला जाणाऱ्या माणसाला ह्याचा फार ताप होतो, कारण सगळा हिशोब डोक्यात ठेवावा लागतो की परवा किती टाकलं, किती किलोमीटर झाले. बायको गाडी घेऊन गेली की तिचा फोन यायचा, "अहो, काटा खाली गेलाय, पेट्रोल आहे का नाही?"

गॅरेजला दाखवली तर गाडीला हात न लावता उत्तर मिळालं, "भाऊ, मीटर गेला, पूर्ण असेंब्लीच टाकावी लागंल." ह्याचा मला आजही राग आहे, कारण पूर्ण मीटर फ्लोटच्या कितीतरी पट महाग, वर जुन्या किलोमीटरची नोंद जाते, आणि हे सगळं न तपासता सांगायचं. मीटर गेला की फ्लोट गेला हे वीतभर तारेत कळतं. खरंच सांगतो, पार्ट विकत घ्यायच्या आधी एवढं करा.

टाकीत मागे किंवा खाली जिथे फ्लोट बसतो तिथून दोन वायरी निघतात आणि एका कपलरला (वायरी जोडणाऱ्या प्लगला) येतात. आत फ्लोटच्या दांडीला एक छोटी पत्ती असते, ती रेझिस्टन्सच्या (विजेला अडवणाऱ्या) पट्टीवर घासत वर-खाली होते. माझ्या गाडीत, आणि जपानी पद्धतीच्या बऱ्याच गाड्यांत, टाकी भरलेली असली की रेझिस्टन्स कमी, दहा ओहमच्या आत, आणि रिकामी असली की जास्त, शंभरच्या जवळ. म्हणजे कपलर सोडला की सर्किट तुटलं, काटा रिकाम्यावर जाणार. आणि चावी चालू ठेवून गाडीकडून येणाऱ्या बाजूच्या दोन टोकांना तार लावून जोडली की काटा फुलकडे चढला पाहिजे. चढला तर मीटर चांगला, वायरिंग चांगलं, दोष फ्लोटमध्ये. नाही चढला तर फ्लोटला हात लावायची गरजच नाही, आधी फ्यूज बघा, अर्थची वायर बघा, कपलरच्या पिना हिरव्या पडल्यात का बघा, आणि सगळ्यात शेवटी मीटर. काही गाड्यांत हे उलटं असतं, काही डिजिटल मीटर अशा वेळी नुसत्या कांड्या चमकवतात, म्हणून आपल्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल चाळून घ्या. तार दोन-चार सेकंदच धरा, टाकीचं झाकण बंद ठेवा, आणि कुठे पेट्रोल पाझरत असेल तर ही टेस्ट तिथे करूच नका. काटा लगेच उडी मारत नाही, तो मुद्दाम संथ ठेवलेला असतो नाहीतर चालत्या गाडीत नाचत राहील, तेव्हा घाबरून पुन्हा पुन्हा तार टेकवू नका, थांबा. माझा काटा आरामात चढत फुलवर गेला आणि मला तिथेच कळलं की मीटरचा खर्च वाचला.

आता टाकी उतरवणं. लोक ह्याला फार घाबरतात, पण कार्बोरेटरवाल्या गाडीत हे सोपं काम आहे, फक्त टाकी जवळपास रिकामी असताना करा. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे १५ लिटरची भरलेली टाकी म्हणजे अकरा किलो पेट्रोल, वर टाकीचा पत्रा, आणि हे सगळं आत हिंदकळत असतं, एकट्याने उचलताना तोल जातोच. दुसरं म्हणजे जागा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. आपल्याकडे बऱ्याच घरांत गॅस गिझर बाल्कनीत किंवा डक्टमध्ये असतो, तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तो बंद ठेवा, आणि बाल्कनीत, बेडरूममध्ये वगैरे टाकी उघडून बसू नका. मी सकाळी उघड्या पार्किंगमध्ये केलं, वॉचमन काकांना आधीच सांगून ठेवलं की इथे कोणी विडी पेटवायची नाही.

गाडी मेन स्टँडवर, चावी काढलेली, बॅटरीची मायनस वायर सोडलेली. सीट निघते, साइड पॅनल निघतात (ह्यांचे रबरातले खुंट जुने झाले की तुटतात, सरळ बाहेर ओढा, तिरके नको), मग टाकीच्या मागच्या टोकाचा बोल्ट, माझ्यात दहा नंबरचा पाना लागला. पेट्रोल कॉक बंद, नळीची क्लिप पकडीने दाबून मागे सरकवायची आणि नळी पिळत पिळत काढायची. सरळ ओढली तर जुनी नळी तोंडाशी फाटते, ती तशीही बदलायचीच असेल तर गोष्ट वेगळी. मग टाकी मागून वितभर उचलायची, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण आहे, लगेच खेचायची नाही. एक हात खाली घालून फ्लोटचा कपलर सोडवायचा, ब्रीदरची (टाकीत हवा ये-जा करणारी) नळी असेल तर ती पण, आणि मगच मागे ओढायची म्हणजे पुढचे दोन रबर सुटतात. ह्या रबरांना थोडं साबणाचं पाणी लावलं तर परत बसवताना शिव्या निघत नाहीत.

उरलेलं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, टाकी जुन्या गोधडीवर उलटी ठेवली. गोधडी मुद्दाम सांगतोय, नुसत्या वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची बारीक खडी टाकीच्या रंगावर रेघ ओढते. फ्लोटच्या प्लेटचे नट समोरासमोरचे थोडे थोडे सैल करायचे. फ्लोट बाहेर काढताना दांडी तिरकी करून, आतल्या पत्र्याला न अडकवता, सावकाश. दांडी एकदा वाकली की मीटर जन्मभर खोटं बोलणार.

जुना फ्लोट पुसून कोरडा केला, टाकीपासून लांब नेला आणि मल्टीमीटर २०० ओहमवर लावला. (मल्टीमीटर एमजी रोडवरून घेतलेला साधाच आहे, ह्या कामाला भारीतला लागत नाही. आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून बघा, अर्धा-एक ओहम दाखवतो, तेवढा वजा धरायचा.) दांडी एकदम वर, आठच्या आसपास. खाली आणत गेलो, वीस, तीस, चाळीस, आणि मधे आल्यावर आकडेच गायब, डाव्या कोपऱ्यात नुसता एकटा १. म्हणजे सर्किट तुटलं. अजून थोडी खाली नेली की परत आकडे सुरू, शेवटी पंच्याण्णवपर्यंत. पट्टीच्या मधोमध चकचकीत खाच पडली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळा थर. आपण शहरात दोनशे-तीनशेचं टाकत राहतो, टाकी कायम अर्ध्याच्या आसपास, म्हणजे पत्ती वर्षानुवर्षे त्याच दोन बोटांच्या जागेत घासत असते. ह्या नवीन पार्टलाही तेच होणार आहे कधीतरी, म्हणून आता मी महिन्यातून एकदा तरी फुल करतो आणि बऱ्यापैकी खाली येऊ देतो.

नुसता काळा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि खोडरबराने साफ करून फ्लोट चालतो, नवीन घ्यायची गरज नसते. पेट्रोलमधल्या गंधकाने असे कॉन्टॅक्ट काळे पडतात, बीएस-६ पेट्रोल आल्यापासून गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं, त्यामुळे हा त्रास कमी व्हायला पाहिजे. पण खाच पडली की साफसफाईने काही होत नाही. अजून एक, फ्लोटचा डबा कानाजवळ धरून हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडणार आणि काटा कायम खाली दाखवणार, मग रेझिस्टन्स कितीही चांगला असो.

नवीन फ्लोट बसवायच्या आधी पण मल्टीमीटर लावून बघितला, दुकानातच, दांडी वर-खाली करून. दुकानदार काही बोलला नाही उलट बघत बसला. आकडे सलग चढले-उतरले म्हणून घेतला. लोकल पण होता तिथे, निम्म्याहून कमी किमतीत, पण त्याची दांडी हाताला सैल लागली आणि आकडे उड्या मारत होते, परत ठेवला.

सीलचं सांगतो. पार्टसोबत आलेला रबर सील मला कडक वाटला म्हणून वेगळा, इथेनॉल चालणारा, व्हायटॉनचा मागितला आणि तो टाकला. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं, आणि फ्लोटची प्लेट टाकीच्या खालच्या अंगाला असते, सील गेला की पेट्रोल सरळ गरम इंजिनवर. काटा चुकला तर फार तर गाडी ढकलावी लागते, सील चुकला तर आग. म्हणून जुना सील परत वापरायचा नाही म्हणजे नाही. बसवल्यावर टाकीत लिटरभर पेट्रोल टाकून तासभर तशीच सोडली, प्लेटच्या कडेने टिश्यू फिरवला, कोरडा निघाला, मगच टाकी गाडीवर चढवली.

मग एक एक लिटर टाकत काटा कुठे येतो ते वहीत लिहिलं. हे नक्की करा, पुढे फार उपयोगी पडतं. पहिल्या दोन लिटरला काटा जागचा हलत नाही. वरचे तीन लिटर तो फुलवरच चिकटून असतो कारण दांडी टाकीच्या छतापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे अर्ध्यावर काटा म्हणजे अर्धी टाकी असं नाही, वेड्यावाकड्या आकाराच्या टाकीत तसं कधीच नसतं. आणि साइड स्टँडवर उभी गाडी असताना वाचू नका, पेट्रोल डावीकडे कलंडतं आणि काटा दुसरंच काहीतरी दाखवतो.

आता एवढ्या महिन्यांनंतर. अर्ध्यावरची ती उडी एकदाही आली नाही. जुलै-ऑगस्टमध्ये त्र्यंबक, इगतपुरी सगळं भिजून झालं, कपलरला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून ठेवलं होतं त्यामुळे पिना आजही पिवळ्या स्वच्छ. वणीच्या गडाच्या चढावर काटा थोडा सरकतो आणि सपाटीला आला की जागेवर येतो, ते चालायचंच. दिवाळीत टाकी परत उचलून सील बघितला, कोरडा. घरचे आता गाडी नेतात तर फोन येत नाही.

शेवटचा पाव भाग मात्र झपकन जातो, तिथे काट्यापेक्षा मी रिझर्व्हवर भरवसा ठेवतो, कारण रिझर्व्ह म्हणजे कॉकच्या आतल्या नळीची उंची, त्याला वीज-बिज लागत नाही.

ज्यांची बीएस-६ इंजेक्शनवाली गाडी आहे त्यांनी हे वाचून लगेच टाकी खोलू नका. त्यात पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो, लाइनमध्ये साधारण तीन बारचं प्रेशर असतं, ते न सोडता नळी काढली तर तोंडावर फवारा येतो. बहुतेक गाड्यांना रिझर्व्ह पण नसतं आणि पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, टाकी कोरडी पडू दिली तर पंप तापतो. तुमच्याकडे काटा किंवा कांड्या गंडल्या असतील तर कपलरची टेस्ट मॅन्युअल बघून करा, पुढे टाकी जाणकाराकडून उतरवून घ्या, आणि तोपर्यंत ट्रिप मीटर शून्य करून दोनशे किलोमीटरच्या आत पंपावर जा.