दादर पश्चिमेचा स्टॅटचा क्लास: एमएससी एन्ट्रन्स देणाऱ्यांसाठी

बीएससीनंतर अप्लाइड मॅथ्स नाहीतर स्टॅटमध्ये (संख्याशास्त्रात) मास्टर्स करायचं असेल तर हा क्लास नक्की बघा. मी आयआयटी जॅम, म्हणजे आयआयटी वगैरेंच्या एमएससीची प्रवेश परीक्षा, तिच्या मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सच्या पेपरसाठी लावला होता, आणि सर शिकवतात ना ते खरंच मनापासून. फॉर्म्युले पाठ करायला देत नाहीत. शून्य ते एकमधल्या युनिफॉर्ममधून (म्हणजे तिथला कुठलाही आकडा येण्याची शक्यता सारखीच) एन आकडे घेतले तर त्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्याची सरासरी किती, हे आधी एन दोन मग तीन घेऊन आमच्याकडूनच काढून घेतलं, म्हणजे दोन तृतीयांश, तीन चतुर्थांश, आणि मग एन भागिले एन प्लस वन हे आपोआप समोर आलं, ऑर्डर स्टॅटिस्टिक्सची (आकडे क्रमाने लावून सगळ्यात लहान, सगळ्यात मोठा वगैरे बघणं) भीतीच गेली माझी.

जॅमच्या पेपरचीही तयारी नीट घेतात, ६० प्रश्न, १०० मार्क, ३ तास. एमएसक्यूत (एक किंवा जास्त पर्याय बरोबर असलेले प्रश्न) निगेटिव्ह नाही पण अर्धे मार्कही नाहीत, सगळे बरोबर पर्याय निवडले तरच मार्क, त्यामुळे त्याची प्रॅक्टिस वेगळी हवीच आणि इथे ती भरपूर होते. आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) एमस्टॅटच्या प्रवेश परीक्षेला मात्र सविस्तर उत्तरं लिहावी लागतात, तिथे हा क्लास कमी पडतो, सिद्धता (प्रूफ) लिहायचा सराव फारच थोडा.

खोली लहान आहे, मागच्या बाकावरून फळा दिसत नाही. फी तीन हप्त्यांत घेतात. लांबून येणाऱ्यांनी शनिवारची बॅच घ्या, रविवारी मेगाब्लॉकमध्ये हाल होतात.